जोड्या लावायच्या आधी पोपटांची व्हायरस टेस्ट करून घ्या

ब्रीडिंगचा सीझन तोंडावर आला की सगळ्यांना जोड्या लावायची घाई होते, पण नेस्ट बॉक्स टांगायच्या आधी पक्ष्यांची टेस्ट कराच. पक्षी खातोय, ओरडतोय, पिसं तुकतुकीत आहेत म्हणजे तो निरोगीच असं धरून चालू नका, लवबर्ड तर कितीतरी वेळा पीबीएफडी या पिसांच्या आजाराचा व्हायरस अंगात घेऊन अगदी ठणठणीत दिसतात आणि भोगतात ती शेजारच्या पिंजऱ्यातली पिल्लं.

पीबीएफडी हा चोच आणि पिसांचा आजार, सर्कोव्हायरसमुळे होतो. नवीन फुटणारं पीस नीट बघा, बुडाशी चिमटल्यासारखं बारीक झालंय का, नळीत वाळलेलं रक्त दिसतंय का, वरचं आवरण सुटतच नाहीये का. काकाकुवाची खूण तर त्याहून आधी कळते. एरवी त्याला हातात घेतलं की कपड्यांवर पांढरी पावडर लागते, ती लागेनाशी झाली आणि काळी चोच एकदम चकचकीत दिसायला लागली की लोक खूश होतात, अहो पण ती पावडर बनवणारी पिसंच खराब झालेली असतात!

पॉलिओमा हा दुसरा व्हायरस, त्यात बजीची (छोट्या बजरीगार पोपटांची) पिल्लं पिसं फुटायच्या वयात पोट फुगून, कातडीखाली रक्त साकळून पटापट जातात. बोर्नाव्हायरसमध्ये पक्षी भरपूर खातो तरी वाळत जातो आणि विष्ठेत दाणे अख्खेच पडतात, म्हणून ग्रॅमचा काटा आणा आणि सकाळी दाणे घालायच्या आधी वजन लिहून ठेवा.

टेस्ट म्हणजे पीसीआर, नमुन्यात व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी लॅबची तपासणी. पीबीएफडीसाठी रक्त आणि उपटलेलं पीस दोन्ही द्या, खाली पडलेलं पीस नको, त्याला दुसऱ्याची धूळ लागलेली असते. नख कापून रक्त घेतलं तर नखाला चिकटलेल्या विष्ठेमुळे रिपोर्ट चुकू शकतो, त्यापेक्षा डॉक्टरांकडून शिरेतून घ्या. पॉलिओमाला रक्तासोबत गुदद्वाराचा स्वॅबही लागतो. बोर्नाचा व्हायरस मधूनमधूनच बाहेर पडतो, त्यामुळे एका निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

आणि पीबीएफडी पॉझिटिव्ह आला पण लक्षणं काहीच नाहीत, तर लगेच पक्ष्याची आशा सोडू नका! त्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि 90 दिवसांनी परत टेस्ट करा, काही पक्ष्यांचं शरीर व्हायरसवर स्वतःच मात करतं. तोवर त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा आणि नंतर कपडे बदला, कारण हा व्हायरस पिसांच्या धुळीतून पसरतो आणि पिंजऱ्यात, बॉक्समध्ये महिनोन्‌महिने टिकतो. लाकडी नेस्ट बॉक्स धुवून वापरायचा मोह टाळा, सरळ नवीन घ्या.

एखादं पिल्लू दगावलंच तर फेकू नका आणि फ्रीझरमध्येही टाकू नका, गोठलं की आतले अवयव तपासायला नीट राहत नाहीत. पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पोस्टमॉर्टेमला द्या, बाकीच्या पिल्लांना नेमका कसला धोका आहे ते त्यातूनच कळतं.