रेडिएटर केवढा, पंप केवढा?

जुन्या जीपमध्ये किंवा टेम्पोत मोठं इंजिन बसवलं की रेडिएटरचा प्रश्न येतोच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा, बहुधा उत्तर मिळेल, "चार रांगांचा टाका." रांगा म्हणजे रेडिएटरमध्ये एकामागे एक बसवलेल्या पाण्याच्या नळ्यांच्या ओळी. त्या नंतर मोजा, आधी उष्णता मोजा.

७५ किलोवॅटचं, म्हणजे साधारण १०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन धरू. पूर्ण जोरात असताना ते आपल्या ताकदीच्या ६० ते ७० टक्के एवढी उष्णता कूलंटमध्ये सोडतं. इथे ५० किलोवॅट. पेट्रोलला प्रमाण याहून जास्त धरा. कंपनीचा आकडा हाती लागला तर हा अंदाज सोडून तोच घ्या.

पंपाचा हिशोब सोपा. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजमध्ये, म्हणजे रबरी पाइपांत, तापमानाचा ७ अंशांचा फरक ठेवू. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असलं की एक किलो मिश्रण दर अंशाला साधारण ३.५ किलोज्यूल नेतं. ५० ला ३.५ गुणिले ७ ने भागा: सेकंदाला २ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे १२० लिटर. हा आकडा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी रोखणारा वॉल्व), इंजिनचा ब्लॉक आणि रेडिएटर यांचा अडथळा सोसून मिळायला हवा. नुसत्या उघड्या पाइपातला उपयोगाचा नाही. बेल्टवरच्या पंपाचा प्रवाह आरपीएमच्या प्रमाणात घटतो, पण आरपीएम उतरले की इंजिनची उष्णताही उतरते, त्यामुळे पंप सहसा पुरतो. पुली लहान करून पंप पळवला तर आत बुडबुडे धरतात आणि इम्पेलर (पंपाचं पाणी ढकलणारं चाक) खड्डे पडून खराब होतो. "पाणी फार जोरात गेलं की थंड व्हायला वेळच मिळत नाही" हे गॅरेजात ऐकू येतं. खोटं आहे, सोडून द्या.

खरी तंगी असते ती हवेची. मे महिन्यात कसारा घाटात, मागे माल, दुसरा गिअर, ताशी २० चा वेग: वारा जवळजवळ नाही. जाळीसमोर ४० अंश धरा. समोर एसीचा कंडेन्सर असेल तर आणखी १०, म्हणजे कोअरवर (रेडिएटरच्या नळ्या आणि फिन यांच्या गाभ्यावर) येणारी हवा ५० अंश. वरच्या होजला १०० ची मर्यादा ठेवली तर हातात फक्त ५० अंशांचा फरक उरतो. ५० किलोवॅट भागिले ५०, म्हणजे रेडिएटरने दर अंशाला १ किलोवॅट टाकला पाहिजे; माती-चिखलासाठी १५ टक्के वाढवून १.१५ मागा. विकणारा नुसतंच "६० किलोवॅट" म्हणाला तर विचारा, किती अंशांच्या फरकाला? हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हवा २५ अंशांनी तापू दिली तर सेकंदाला २ किलो हवा लागते, सुमारे १.८ घनमीटर. ७० बाय ५० सेंमीच्या कोअरवर हा वेग सेकंदाला ५ मीटरच्या आसपास येतो. एका छोट्या इलेक्ट्रिक फॅनचं हे काम नाही. म्हणून आधी समोरचं क्षेत्रफळ वाढवा, रांगा नंतर: मागच्या रांगेला पुढच्यांनी तापवलेली हवा मिळते, शिवाय फॅनला ओढायला जड जातं. श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं हवा वळवणारं आवरण, हवाच. इंजिनवरचा फॅन असेल तर पातं साधारण निम्मं श्राउडच्या आत, निम्मं बाहेर ठेवा. श्राउड आणि कोअरच्या कडेला फटी राहिल्या तर फॅन गरम हवाच पुन्हा ओढतो. तिथे फोम लावा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. ज्या इंजिनात तोच बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटर चुकवून परत ब्लॉकमध्ये जातं. खालच्या होजमध्ये स्प्रिंग लागतो, कारण पंप ओढतो त्या बाजूने पाइप चपटा होतो. रेडिएटरच्या झाकणातला ०.९ बारचा वॉल्व नीट धरत असेल तर साधं पाणीही ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात, डिस्टिल्ड घ्या. समुद्राकाठी उभ्या गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे फिन (नळ्यांमधले पातळ पत्रे) खाऱ्या वाऱ्याने भुगा होतात, बोटाने दाबून पाहा.

गाडी जुळली की माल भरून चढावर न्या. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर, जोर चालू असतानाच दोन्ही होजचं तापमान दाखवील असे सेन्सर लावा. थांबल्यावर घेतलेला आकडा फसवतो. फरक १५ अंशांपुढे गेला तर पाणी कमी फिरतंय: कोअर चोक आहे, होज चपटा होतोय किंवा पंप दमलाय. फरक ६-७ आणि तरी काटा वर चढतोय, तर पंपाला हात लावू नका, हवा कुठे अडते ते शोधा.