पावसात बंद, उन्हात सुरू: सस्पेन्शनची कुरकुर कशी शोधावी आणि घालवावी

चोडणहून रायबंदरला जाताना गाडी फेरीबोटीवर चढवायची वेळ आली की पुढची चाकं बोटीच्या लोखंडी फळीवर आणि मागची अजून धक्क्याच्या उतारावर. त्या दोन-तीन सेकंदांत माझी गाडी जुन्या पाळण्यासारखी कुरकुरायची. हे मेपर्यंत. जूनमध्ये पाऊस लागला की आवाज गायब, आणि दिवाळीनंतर पुन्हा हजर. दोन वर्षं मी समजत होतो, गाडी आपली आपण बरी होते. कारण साधं होतं: कोरडं पडलेलं रबर भिजलं की गप्प बसतं, वाळलं की बोलायला लागतं.

मधल्या काळात एका गॅरेजात पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलून घेतले. बिल दणदणीत, कुरकुर जशीच्या तशी. शॉक ॲब्सॉर्बर गेला की बहुतेक वेळा त्यातून तेल झिरपतं, खड्ड्यानंतर गाडी उसळत राहते. कुरकुरण्याचा पहिला संशय घ्यायचा तो बुशांवर, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी तुकड्यांवर. म्हणून पार्टचे पैसे मोजण्याआधी खालचा क्रम लावा.

1. आवाज नीट ऐका

काचा खाली, एसी आणि गाणी बंद, गल्लीतला एखादा स्पीड ब्रेकर, आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश. लांबट ‘कुर्रऽऽ’ असेल तर रबराचं बुश. छोट्या खड्ड्यांवर ‘खट-खट’ वाजत असेल तर लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारच्या टोकाची छोटी दांडी) किंवा बॉल जॉइंट (चाकाजवळचा, सगळीकडे वळणारा गोल सांधा). गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टण्’ झालं, तर स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या, वरच्या माउंटमधली बेअरिंग पाहावी. हे अंदाजच, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

दाराच्या रबरावरही एकदा सिलिकॉन स्प्रे मारून बघा. तिरक्या उतारावर गाडीची बॉडी किंचित पिळते आणि दारं कुरकुरतात. आवाज खालून येतोय म्हणून सगळे वाकतात, आणि चोर कानाशेजारी बसलेला असतो.

2. कोपरा दाबा

सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. हँडब्रेक सोडलेला बरा, नाहीतर मागच्या ब्रेकचाच आवाज येऊन घोटाळा होतो. एकाने चाकावरच्या भागाला तळहातांनी दाबून गाडीला चार-पाच झोके द्यायचे, दुसऱ्याने चाकाजवळ कान न्यायचा. चारही कोपऱ्यांवर हेच. बॉनेट उघडून स्ट्रटच्या डोक्यावर बोटं टेकवलीत तर तिथली कुरकुर बोटांना थरथरीसारखी लागते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मात्र बोट घालायचं नाही.

3. पाण्याची परीक्षा

फेरीवरचा माझा गोंधळ याच पायरीने सुटला. दिवस कोरडा हवा. गोव्यात म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडा, पाणी भरा आणि एका वेळी एकच बुश भिजवा. आधी स्टॅबिलायझर बारचं. हा पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा. तो गाडीच्या सांगाड्याला दोन पट्ट्यांनी धरलेला असतो आणि त्या पट्ट्यांखाली इंग्रजी डीच्या आकाराचं रबर असतं. भिजवा, दाबा, ऐका. फरक नाही? मग लोअर आर्मचं (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात) पुढचं बुश, मग मागचं. ज्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबेल, तोच गुन्हेगार. घाईघाईत सगळीकडे पाइप मारलात तर सगळंच गप्प होईल आणि हाती काही लागणार नाही.

माझ्याकडे डावीकडचं डी बुश निघालं. पट्टी खोलली तर आत पावसाळ्यातला तांबडा चिखल वाळून विटेच्या भुकटीसारखा बसलेला, आणि दांडा त्या जागी घासून चकचकीत झालेला.

4. गाडी उचलून बघा

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हात घालायलासुद्धा नाही. कंपनीने सांगितलेल्या जागी स्टँड लावा. चाक हवेत असताना वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं, टोक. बॉल जॉइंट ढिला असेल तर तो बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. तो निसटला तर चाक आडवं पडतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं टॉर्च लावून पाहावं. खारी हवा तिथला रंग आधी खाते, आणि तुटली तर स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते.

5. दुरुस्ती

बुश शाबूत असून नुसतं कोरडं असेल, तर दांडा आणि रबर धुऊन, वाळवून सिलिकॉन ग्रीस लावा. डिझेल, जुनं इंजिन ऑइल, साधं ग्रीस अजिबात नको. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारून घ्यायची पद्धत अजून दिसते. पत्र्याला गंज कमी लागत असेल, पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. दोन महिने शांतता, मग नवीन बुश.

रबराला चिरा पडल्या असतील किंवा भोक लांबट झालं असेल तर बदलाच. डी बुश घरी बदलता येतं, बहुतेक गाड्यांत दर पट्टीला दोनच बोल्ट. लिंक रॉडही जमतो. बदलायचा तर दोन्ही बाजूंचा. लोअर आर्मचं बुश प्रेसवर बसवावं लागतं, ते गॅरेजचं काम. तिथे एक गोष्ट आवर्जून सांगा: आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर गाडीचं वजन आल्यावर. गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना आवळले तर जमिनीवर आल्यावर नवं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक हसला तरी सांगा.

स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट घरी कधीही खोलू नका. दाबलेली स्प्रिंग त्याच्यावर अडकलेली असते; सुटली तर माणूस जायबंदी होतो.

आर्म, टाय रॉड किंवा स्ट्रट बदलला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. डी बुशला त्याची गरज नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा पुन्हा तपासा, आणि पावसाळा संपला की पोटाखालचा चिखल पाण्याच्या जोराने धुवा. मी हे चवथीच्या गडबडीनंतर, ऊन पडायला लागलं की करतो, आणि दुसऱ्या दिवशी चोडणच्या धक्क्यावर काच खाली करून गाडी चढवतो.