ईजीआर व्हॉल्व्ह साफ कसा करावा, आणि कसा करू नये

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. एक्झॉस्टमधला थोडा वायू पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत सोडायचा, एवढंच या व्हॉल्व्हचं काम. त्या वायूत ऑक्सिजन कमी असल्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. मात्र काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) येणारी तेलाची वाफ मिसळली की चिकट थर जमतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. उघडा अडकला तर आयडलिंग बिघडतं, पिकअप जातो, डिझेल गाडी काळा धूर सोडते. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर पी०४०२ हा बिघाडाचा कोड दिसला तर वायू जास्त जातोय, पी०४०१ दिसला तर कमी.

इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कनेक्टर सोडवा, बोल्ट खोला. व्हॉल्व्हला कूलंटची नळी असेल तर कूलंट आधी उतरवून घ्या.

खरी कसोटी साफसफाईची. ‘रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हच्या डोक्यात मोटर आणि पोझिशन सेन्सर असतो. द्रव आत शिरला की चांगला व्हॉल्व्हही कायमचा जातो. तोंड खाली, मोटर वर असाच धरा. कार्बन काढणारा स्प्रे क्लीनर थोडा थोडा मारा, थर भिजू द्या, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. चिवट थराला लाकडी काडी वापरा. स्क्रूड्रायव्हर नकोच: सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडेवर) ओरखडा पडला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि तक्रार होती तिथेच राहते. दांडा पकडीने ओढू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. शेवटी अंधारात एका बाजूने टॉर्च मारा. सीटच्या कडेने उजेड झिरपला तर कुठेतरी कार्बन उरलाय; पुन्हा घासा.

व्हॉल्व्ह चकचकीत करून इनटेककडची वाट तशीच सोडण्यात अर्थ नाही. तिथला कार्बन खरवडताना व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवा. खडे आत पडले तर थेट सिलिंडरमध्ये जातात.

पत्रा लावून व्हॉल्व्ह बंद करणं हा उपाय नव्हे. प्रदूषण वाढतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि अनेक देशांत ते बेकायदा आहे.

गॅस्केट नवीनच टाका, बोल्ट आलटून पालटून कसा. कोड पुसून स्कॅनरने व्हॉल्व्हचं अ‍ॅडाप्टेशन (बंद स्थिती नव्याने शिकवणं) करा: कार्बन निघाल्यावर बंद स्थिती बदलते, आणि ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) जुनीच ठाऊक असेल तर साफ व्हॉल्व्हवरही कोड परत येतो.