देवानं केलेलं आठवताना या चुका टाळा

मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायला, उभं राहिलं की आपल्यातले बरेच जण "प्रभूनं लय केलंय माझ्यासाठी" एवढंच म्हणून खाली बसतात, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. काय केलं, कधी केलं? सांगलीत कुणालाही पुराचं विचारा, 2005 ला पाणी कुठवर, 2019 ला कुठवर, लगेच भिंतीवर हात ठेवून दाखवतील. पण त्याच आठवड्यात जेवण कुणी आणून दिलं, नंतर दुकान परत कसं उभं राहिलं ते कुठंच लिहिलेलं नसतं, मग पुढच्या पावसाळ्यात कोयनेतनं विसर्ग वाढला की परत तीच धडधड, जणू मागच्या वेळी देव नव्हताच. त्यामुळं तारीख, माणसाचं नाव, रक्कम, सगळं वहीत लिहा, मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालतंय. मोशेनंतरचा इस्राएलचा पुढारी यहोशवा, त्यानं यार्देन नदीतले 12 दगड गिलगाल गावात उभे केले ते पुढं पोरांनी विचारावं म्हणूनच (बायबल, यहोशवा 4).

दुसरं, फक्त चमत्कारच मोजू नका. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात मोशे काय आठवून देतो, तर रानातली 40 वर्षं अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत. हप्ता वेळेवर गेला, शुगर गोळीवर कंट्रोलमध्ये आहे, हे पण लिहायचंच. गोळीनं बरं वाटलं म्हणजे देवानं काही केलं नाही असं कसं? डॉ. वॉन्लेसनी 1894 ला मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं ते मिशनचं काम म्हणूनच की.

जुने दिवस गोड करून आठवणं पण धोक्याचं. इस्राएल लोकांना मिसरातले (इजिप्तमधले) मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवले (गणना 11), गुलामी नाही आठवली.

आणि एक कळकळीनं सांगतो, ज्याच्या घरात नुकतं माणूस गेलंय त्याला "देवानं मागं काय काय केलं ते आठव" असं लगेच सांगू नका. स्तोत्र 77 वाचा, ते रचणारा आसाफ आधी रात्रभर तळमळतो, देव कृपा करायला विसरला काय असं सरळ विचारतो, आणि मगच म्हणतो की मी परमेश्वराची कृत्ये आठवीन. तक्रार त्यानं गिळली नाही, देवापुढंच मांडली. त्या दुःखातल्या माणसाला तेवढा वेळ द्या, शेजारी बसा, डबा न्या.

आणि वही उघडून काहीच सुचत नसेल तर येत्या प्रभुभोजनाची (मंडळीत येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्याची) तारीख पहिल्या पानावर टाका, "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं प्रभूनं सांगितलंय ते त्याच्या मरणाबद्दल, आणि ते तुमच्यासाठी आधीच झालेलं आहे.