साऱ्यात पाणी कुठं मुरलं, सळईला विचारा

गव्हाच्या साऱ्यात (दोन वरंब्यांमधल्या लांब पट्टीत) एकीकडं पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, तर दोन पावलांवरचा उंचवटा कोरडाच राहतो. नुसत्या डोळ्यांना रान सपाटच दिसतं. रात्री लाईट आल्यावर दारं धरताना, म्हणजे पाणी वळवताना, तर काहीच कळत नाही.

उपाय पेरणीआधी करायचा, रान ओलवतानाच.

1. पाणी सोडल्यावर साऱ्यातनं एक फेरी मारा. बेटासारखं वर राहिलेलं ढेकूळ-रान दिसेल तिथं तुरीची काडी खोचा. पाणी तोडल्यावर जिथं तळं साचून राहतं तिथं दुसरी काडी, तिच्या टोकाला चिंधी बांधून.

2. दोन दिवसांनी 10 मिलिमीटरची, तीन फुटी सळई घ्या. दोन्ही काड्यांजवळ हातानंच दाबा, ठोकू नका. ओल असेल तिथवर ती सर्रकन जाते, कोरड लागली की अडते. तेवढ्यावर बोटानं खूण धरून टेपनं मोजा. उंचवट्यावर वीतभर आणि खळग्यात दीड फूट, असा फरक निघाला तर समजा पाणी सारखं मुरलेलं नाही.

3. वाफसा आल्यावर (माती ना चिखल, ना कोरडी अशी झाल्यावर) काड्या बघून उंचवट्याची माती खळग्यात ओढा आणि फळी फिरवा. 100 फुटांना 2-3 इंच उतार पुरतो.

सळई मुरमावर किंवा दगडावरही अडते, म्हणून शेजारी दोन-तीनदा टोचून बघा. आणि माती ओढताना हात आखडता ठेवा. वरचा कसदार थर गेला की तिथला गहू दोन-तीन हंगाम मार खातो.