स्पितीच्या थंडीत डिझेल गाडी पहाटे कशी सुरू करावी

बर्फातली स्पिती बघायला स्वतःची डिझेल गाडी घेऊन निघणारी मंडळी टायरच्या साखळ्या, थर्मल कपडे, औषधं या सगळ्याची तयारी करतात. इंजिनाचा विचार मात्र स्पितीतलं मुख्य गाव असलेल्या काझाला पहिल्या पहाटे सेल्फ मारल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं. उणे २० अंशांत गाडी स्टार्ट घेणार की नाही, हे बरंचसं घरून निघताना आणि आदल्या संध्याकाळी ठरतं. पहाटेचं काम त्यानंतरचं.

थंडीत डिझेल गाडी अडते कशाने

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, दाबल्यामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा आधीच गोठवणारी असेल आणि सिलिंडरचं लोखंड ती उष्णता लगेच शोषून घेत असेल, तर पेट घेण्याइतकी गरमी तयारच होत नाही. त्यातून साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो, म्हणजे दाबायला मुळात हवाच कमी मिळते.

त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. सेल्फला जास्त जोर लावायचा असतो, तेव्हाच त्याला करंट कमी मिळतो. तिसरी अडचण खुद्द डिझेलची. डिझेलमध्ये पॅराफिन मेण असतं. थंडीत डबीतलं खोबरेल तेल जसं आधी पांढुरकं दिसतं आणि मग थिजतं, तसंच डिझेलचं होतं. टाकीतलं सगळं डिझेल घट्ट व्हायची गरजच नसते. मेणाचे बारीक कण फिल्टरवर साचले की पुढे थेंब जात नाही.

घरून निघण्याआधी

सगळ्यात आधी ऑइल बघा. महाराष्ट्रात बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत १५डब्ल्यू-४० घालतात आणि इथे ते उत्तम चालतं. यातला ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १५डब्ल्यू ऑइलची सेल्फ फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, तर ५डब्ल्यूची उणे ३० ला. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० चालत असल्याचं लिहिलं असेल तर जाण्याआधी तेच भरून घ्या. मॅन्युअलमध्ये नसेल तर मनाने बदलू नका. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या बीएस-६ गाड्यांना ठरावीक दर्जाचंच ऑइल लागतं.

कूलंटमध्ये आपल्याकडे वर्षभर नुसतं पाणी वाढवत राहायची सवय असते. हे तिथे महागात पडतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं. जुनं काढून नवीन भरा, नुसतं वरून ओतू नका.

बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर माझ्या मते नवीनच टाकावी. पुण्यात जेमतेम चालणारी बॅटरी काझात चालत नाही. निदान मीटर लावून तपासून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण पार उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठू शकते.

सिलिंडरमधली हवा तापवणारे ग्लो प्लग, ज्यांना गॅरेजमध्ये बहुतेक हीटर प्लग म्हणतात, तेही तपासून घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात चार असतात. त्यातला एखादा गेला तरी महाराष्ट्रातल्या हवेत गाडी पहिल्या चावीला सुरू होते, त्यामुळे तो गेलाय हे कळतच नाही. मेकॅनिकला चारही मोजून बघायला सांगा. डिझेल फिल्टर नवा टाका, फिल्टरखाली साठलेलं पाणी काढून टाका आणि एक जादा फिल्टर सोबत ठेवा.

कुठलं डिझेल भरावं

गावाकडून फुल केलेली टाकी स्पितीत नेणं ही मोठी चूक. डिझेल कोणत्या तापमानाला फिल्टर तुंबवू लागतं, याची मर्यादा भारतीय मानकाने हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश अशी ठेवली आहे. पंपावरचं डिझेल बहुधा याहून बरं निघतं, पण ते उणे २० साठी बनवलेलं नसतं. हीच अडचण ओळखून इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे स्पितीत जायचं ते शिमला, किन्नौर, नाको, ताबो असं. चढ लागल्यावर टाकी एकदम फुल करण्याऐवजी वाटेतल्या पंपांवर थोडं थोडं भरत जा. वर पंप मोजकेच आहेत, तेव्हा पुरेसं डिझेल हाताशी ठेवूनच हा हिशेब करा. वर पोहोचल्यावर हिवाळी डिझेल आहे का ते विचारा आणि असेल तर टाकी भरून घ्या. भरल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवायलाच हवी. नाहीतर टाकीत नवं डिझेल आणि फिल्टरमध्ये मात्र जुनंच, अशी स्थिती राहते.

थंडीसाठीचं अँटी-जेल, म्हणजे डिझेल थिजू न देणारं रसायन मिळालं तर ते डिझेल पातळ असतानाच, म्हणजे किन्नौरात चढण्याआधी टाकायचं. एकदा धरलेलं मेण ते विरघळवत नाही. रॉकेल मिसळायचा सल्ला रस्त्यात कुणीतरी हमखास देईल. जुन्या पंपाच्या गाड्यांत ते वर्षानुवर्षं चालत आलंय. पण आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि त्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेलमध्ये ते वंगण नाही. पंप आणि इंजेक्टरचा खर्च सहलीच्या खर्चाहून मोठा होऊ शकतो. पेट्रोल तर चुकूनही मिसळू नका.

आदल्या संध्याकाळी

भिंतीच्या आडोशाला, बोनेटवर वारा येणार नाही अशी गाडी लावा. तोंड शक्यतो पूर्वेला असू द्या, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन इंजिनावर येईल. हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेतलं पाणी टाकीत उतरतं आणि पुढे नळीत गोठतं.

स्थानिक टॅक्सीवाले बॅटरी काढून रात्री खोलीत नेतात. जुन्या गाडीत हा सगळ्यात सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. नव्या गाडीत घड्याळ, काचा, काही सेटिंग पुन्हा लावायला लागतात, तरी कडाक्याच्या रात्री एवढा त्रास घेण्यासारखा आहे. बोनेटवर जाड रजई टाकली तर इंजिनाची ऊब काही तास टिकते. सकाळी ती काढायला विसरू नका. काही जण रात्री दोन-तीनला उठून गाडी वीस मिनिटं चालू ठेवतात. जुन्या गाडीला ते चालतं, पण डीपीएफच्या गाडीत उभ्या-उभ्या इंजिन चालवल्याने काजळी साचते. ते शेवटचा पर्याय म्हणूनच करा, आणि बंद गॅरेजमध्ये तर कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहाटे

दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, मोबाइलचा चार्जर सगळं बंद करा. चावी ‘ऑन’वर आणा, पण सेल्फ मारू नका. मीटरवर पिवळ्या स्प्रिंगच्या आकाराचा दिवा लागेल. महाराष्ट्रात तो दिसता दिसता विझतो, म्हणून बऱ्याच जणांनी तो नीट पाहिलेलाही नसतो. काझात तो काही सेकंद रेंगाळतो. त्या वेळात ग्लो प्लगची टोकं लाल होऊन हवा तापवत असतात. दिवा विझला की चावी बंद करा, पुन्हा ऑन करा, पुन्हा विझू द्या. असं दोन-तीनदा करा. बटणाच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबून इग्निशन चालू करा.

मग क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल सेल्फला फिरवावं लागणार नाही. आता सेल्फ मारा. कॉमन रेल गाडीत अॅक्सिलरेटरवर पाय नको, किती डिझेल द्यायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मात्र पॅडल थोडं दाबून धरावं लागतं. दहा-पंधरा सेकंदांत इंजिन धरलं नाही तर थांबा. मिनिटभर सेल्फ आणि बॅटरीला विसावा द्या, ग्लो प्लग पुन्हा तापवा आणि मगच परत प्रयत्न करा.

तरी सुरू झाली नाही तर

इथे घाई करू नका. बाहेर एकाला उभं करा, त्याला सायलेन्सरकडे बघायला सांगा आणि तुम्ही आवाज ऐका.

सेल्फ मेल्यासारखा, रेंगाळत फिरतोय, मीटरचे दिवे मंदावतायत, तर बॅटरी. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करा. लाल केबल दोन्ही बॅटरींच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला आणि काळीचं दुसरं टोक शेवटी, तुमच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरी फुगलेली दिसली तर ती गोठलेली असू शकते. तिला केबल लावू नका, फुटू शकते.

सेल्फ झपाट्याने फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोहोचतंय, गरमी कमी पडतेय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ग्लो प्लग आणखी दोनदा तापवून बघा. यात गाडी बहुधा सुरू होते.

सेल्फ झपाट्याने फिरतोय आणि धुराचा मागमूस नाही, तर डिझेल वरपर्यंत येतच नाही. मेणाने फिल्टर तुंबलाय. आता सेल्फ मारत राहिलात तर फक्त बॅटरी उतरेल. होमस्टेमधून गरम पाणी मागा, फडकी त्यात बुडवून घट्ट पिळून फिल्टरभोवती गुंडाळा आणि गार झाली की बदला. वायरिंगवर पाणी सांडू देऊ नका. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघा. जादा फिल्टर असेल तर तो खोलीत गरम करून, डिझेलने भरून बसवा आणि हातपंपाने सिस्टीममधली हवा काढा. काहीच जमलं नाही तर ऊन चढेपर्यंत थांबा. टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ करणारे तुम्हाला दिसतील. तुम्ही करू नका. स्टार्टिंग स्प्रेसुद्धा नको. ग्लो प्लगच्या तापलेल्या टोकावर ईथर भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टन फोडू शकतं.

सुरू झाल्यावर

रेस करू नका. घट्ट ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवा, मग पहिले चार-पाच किलोमीटर हळू जा. पुढे गरम झालेलं जादा डिझेल परतीच्या नळीने टाकीत येत राहतं आणि टाकीतलं डिझेलही हळूहळू निवळतं. गाडीत डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वापरलं जाणारं, ड्रायव्हर मंडळी ज्याला युरिया म्हणतात ते द्रावण असेल, तर ते उणे ११ अंशांना गोठतं. त्याची टाकी गरम करायला हीटर असतो, त्यामुळे सकाळी दिसलेला इशारा गाडी तापल्यावर बहुधा जातो. दुपारपर्यंत गेला नाही तर मात्र खाली उतरल्यावर सर्व्हिस सेंटरला दाखवा.