गुडघे झिजलेत? मग सिंहगड उतरायला शिका

साठीनंतर गुडघा कुरकुरला की सल्ला ठरलेला: ‘आता पुरे, घरी बसा.’ मला तो मुळीच मान्य नाही. बसून मांडीचे स्नायू वाळतात आणि गुडघा आणखी दुखतो. एक्स-रेलाही घाबरू नका. फोटोत भरपूर झीज आणि दुखणं किरकोळ, असे गुडघे पुष्कळ असतात. मात्र निदान आधी डॉक्टरांकडून करून घ्या. गुडघा लाल-गरम होऊन सुजला किंवा मध्येच अडकून बसत असेल, तर गड राहू दे.

चढणीचं फार काही नाही. छोटी पावलं टाका, बोलता येईल इतकाच वेग ठेवा.

खरी गोम उतरणीत. सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून वर जाणाऱ्या पायवाटेवर चढताना दम लागतो, उतरताना गुडघा बोलतो. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो, आणि वाटीमागचा दाब वाढतो. माझं घोडं इथेच सर्वांत जास्त अडलं. उठाबशांनी ते हललं नाही. उतरण्याचा सराव उतरूनच होतो.

चार इंचांची पायरी घ्या. दुखरा पाय वर ठेवा, दुसऱ्याची टाच तीन-चार सेकंद घेत खाली न्या, जमिनीला जेमतेम टेकवा, वर या. गुडघा आत झुकता कामा नये, म्हणून समोर आरसा हवाच. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड, निदान दोन-तीन महिने. दुखण्याला दहापैकी गुण द्या; तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवळायला हवं. नाही निवळलं तर पायरीची उंची कमी करा. व्यायाम सोडू नका.

गडावर दोन काठ्या न्या. उतरताना त्या थोड्या लांब करा. आधी काठी, मग पाऊल. उंच पायरी अंग आडवं वळवून, बाजूने उतरा. उड्या मारत उतरणाऱ्या पोरांना खुशाल पुढे जाऊ द्या.

वेदनाशामक गोळी घेऊन चढणारे बघितले की माझं डोकं फिरतं. दुखणं झाकलं जातं, आणि घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा वजन उतरवा: एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

गुडघा कुरबुरतोय अशा रविवारी चढा, वर मडक्यातलं दही खा आणि वडापच्या जीपने खाली या. फक्त गाडी आतकरवाडीत लावली असेल, तर जीप कुठे सोडते ते बसण्याआधी विचारा.